रोज नव्याने रुजू

आमच्या भाऊजींना आख्खं ऑफिस चालेलराव म्हणतं. काहीही विचारा, "चालेल" हे उत्तर ठरलेलं. कुणी म्हणालं, माझा डबा घरी राहिला, तुमचा खाऊ का, तरी चालेल. कुणी म्हणालं, आमच्या कुत्र्याला दोन दिवस सांभाळाल का, तरी चालेल. ते दोन दिवस कुत्रा म्हातारा होऊन मरेपर्यंत चालले. माझ्या थोरल्या बहिणीने लग्नाचं विचारलं तेव्हाही ते चालेलच म्हणाले होते. हो, ताईनेच विचारलं. यांच्या विचारण्याची वाट बघत बसली असती तर अजून तशीच बसलेली असती.

आमचं दोघांचं ऑफिस एकच, पाणीपुरवठ्याचं. मी दारातच आवक-जावकला बसते, तीही कंत्राटावर. भाऊजी मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मीटर दुरुस्त करतात. घराघरांतले बंद पडलेले पाण्याचे मीटर पोत्यात भरून तिथे येतात. झाकण उघडायचं, गाळ काढायचा, झिजलेलं चक्र बदलायचं, धुरकट काच घासायची आणि मग मीटर टाकीला जोडून बादलीभर पाणी सोडून आकडा बरोबर पडतो का ते बघायचं. त्यांचे हात कायम ओले आणि नखं कायम काळी असत. लग्न झाल्यापासून ताईने त्यांच्यासाठी विकत घेतलेले साबण एकावर एक रचले असते तर चौथ्या मजल्यावर जायला दुसरा जिना झाला असता.

तो चौथा मजला हेच खरं दुखणं होतं. ताईचे गुडघे गेलेत. इमारतीला लिफ्ट नाही. शेवटची ती डॉक्टरकडे म्हणून खाली उतरली, तेव्हा परत वर चढताना प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांनी खुर्ची बाहेर काढली आणि प्रत्येक खुर्चीत बसून ती रडली. वर पोचल्यावर म्हणाली, "आता उतरेन ती कायमची." तेव्हापासून ती बाल्कनीत उभी असते. खालच्या रस्त्यावरची माणसं तिला टाळूवरून ओळखू येतात. पोस्टमनचा चेहरा कसा आहे हे ती विसरलीय, पण त्याला टक्कल कुठून पडायला लागलं ते अचूक सांगते.

माझ्या भाचीचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, दुसऱ्या गावात तळमजल्यावर घर आहे. पुढे थोडी जागा, दोन कुंड्या, एक बाक. तिने आईवडिलांसाठी खोली तयार ठेवलीय. भाऊजी निवृत्त झाले की दोघांनी तिकडे जायचं, एवढंच ठरलेलं होतं. मी ताईला म्हटलं, तू पुढे हो, ते येतील मागून. तर म्हणाली, "यांना एकटं सोडू? कुणाचा तरी हत्ती सांभाळायला घेतील." त्यामुळे भाऊजींच्या निवृत्तीची जितकी वाट ताई बघत होती तितकी जगात कुणी कशाची बघितली नसेल.

आणि निवृत्तीचा महिना आला तेव्हा कळलं की भाऊजी कालच नोकरीला लागलेत.

कालच नव्हे, खरं तर त्याच दिवशी सकाळी. आस्थापनेच्या बाईंनी, म्हणजे आमच्या नेमणुका, रजा आणि निवृत्त्या ज्यांच्या हातात असतात त्यांनी, भाऊजींची नोंद उघडली आणि चष्मा पुसून परत बघितली. रुजू झाल्याची तारीख आजची. त्यांनी 'निवृत्ती'चं बटण दाबलं तर प्रोग्राम म्हणाला, सेवा पुरेशी नाही. बरं, वयही वर दिसत होतंच, त्याखाली लाल अक्षरांत दुसरी सूचना होती की नेमणुकीसाठी वय जास्त आहे. थोडक्यात, नोकरीला लागायला भाऊजी म्हातारे होते आणि निवृत्त व्हायला फार नवे.

मग मागच्या दोन वर्षांतल्या एकेका गोष्टीचा उलगडा मला व्हायला लागला. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे हा नवा प्रोग्राम आला. तेव्हापासून सकाळी अंगठ्याच्या यंत्रावर भाऊजींनी अंगठा ठेवला की यंत्र कधी हिरवं होई, तर कधी "आपली नोंद नाही" म्हणे. भाऊजी शांतपणे बाजूला उभे राहत आणि थोड्या वेळाने परत ठेवत. मी विचारलं तर म्हणाले, "ओले हात ना माझे. चालायचंच." त्यांना रजा मिळेना, कारण नव्या माणसाला पहिले काही महिने रजा नसते. नव्या माणसाला एका अनुभवी माणसाच्या हाताखाली ठेवतात, म्हणून यांनाही ठेवलं, आणि ज्याच्या हाताखाली ठेवलं त्याला पान्हा कसा धरायचा ते यांनीच शिकवलं होतं. तोही रोज गंभीर चेहऱ्याने विचारी, "जमतंय ना?" आणि हे म्हणत, "हळूहळू जमेल."

सगळ्यांत कहर म्हणजे स्वागत समारंभ. आमच्या मोठ्या साहेबांना नव्या लोकांचं स्वागत करायची भारी हौस. दर काही महिन्यांनी सभागृहात सगळ्यांना चहा आणि बिस्किटं, आणि नव्याने लागलेल्यांना पुष्पगुच्छ. दर वेळी भाऊजी पहिल्या रांगेत. साहेब दर वेळी त्यांचा हात हातात घेऊन म्हणत, "आपल्या परिवारात स्वागत. कसं वाटतंय इथे?" आणि भाऊजी म्हणत, "छान आहे, साहेब." मला वाटायचं त्यांना हौसेने बोलावतात. घरी ताईकडे फुलदाण्या संपल्या तेव्हा ती फुलं बादलीत ठेवायला लागली.

आता मात्र माझं डोकं फिरलं. प्रोग्राम बसवणारा माणूस महिन्यातून एकदा यायचा. तो आला तसा मी त्याला माझ्या टेबलाशी बसवला आणि उठू दिला नाही.

"हे बघा मॅडम," तो म्हणाला, "प्रत्येकाला वेगळे अधिकार असतात. कुणी नोंदी नुसत्या बघायच्या, कुणी बदलायच्या, कुणी काढून टाकायच्या. माणसाने प्रोग्राम उघडला की त्याला कुठलं बटण दाखवायचं आणि कुठलं झाकायचं, हे आधी ठरवावं लागतं."

"मग सर्व्हरला विचारायचं, की बाबा, या माणसाला काय काय करता येतं."

"तेच केलं होतं. एका ओळीचं काम आहे. पण अधिकार कुठले आहेत ते बघायचाही अधिकार लागतो. तो कुणालाच द्यायचा नाही असं तुमच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं."

"का?"

"ते म्हणाले, कुणाला काय करता येतं हे एकदा कळलं की लोक त्याला कामं सांगायला लागतात."

साहेबांनी आयुष्यात बोललेलं ते एकमेव खरं वाक्य असावं.

"मग मी काय करणार?" तो पुढे म्हणाला. "विचारता येत नाही तर करून बघायचं. दार लावलंय का ते आपण ढकलून बघतो ना, तसं. तुम्ही प्रोग्राम उघडला की तो तुमच्या नावाने एक नोंद बदलून बघतो. सर्व्हरने नाही म्हटलं तर तुम्हाला तो अधिकार नाही, बटण झाकलं. मग तीच नोंद काढून टाकून बघतो. निघाली तर अधिकार आहे, बटण दाखवलं."

"आणि निघालेली नोंद?"

"लगेच परत घालतो. मी काही राक्षस नाही, मॅडम."

"परत घातली की रुजू तारीख कुठली पडते?"

"ज्या दिवशी घातली त्या दिवसाची." एवढं बोलून तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं की हे त्यालाही आत्ताच सुचतंय.

"नोंद कुणाची वापरलीत?"

तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. "मी तेव्हा चौकशी केली होती की इथे कुरकुर न करणारं कोण आहे. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. मी शेडमध्ये जाऊन त्यांना विचारलंही की तुमची नोंद चाचणीला वापरू का. ते म्हणाले..."

"ते काय म्हणाले ते सांगू नका," मी म्हटलं.

आमच्या ऑफिसात काम करणाऱ्यांपेक्षा साहेब जास्त. नोंदी काढून टाकायचा अधिकार प्रत्येक साहेबाने मागून घेतलेला, कारण शेजारच्या साहेबाला तो होता. म्हणजे रोज सकाळी एकेक साहेब खुर्चीत टेकला आणि त्याने प्रोग्राम उघडला की भाऊजी एकदा नोकरीतून जात आणि एकदा नव्याने लागत. जेवणानंतर पुन्हा तेच. आणि त्या सगळ्या वेळात ते मागे शेडमध्ये बसून कुणाच्या तरी मीटरमधला गाळ काढत असत. राजीनामा द्यावा तर महिनाभर आधी कळवावं लागतं, आणि यांचा महिना रोज पहिल्यापासून सुरू. कामावर जायचंच सोडावं तर नवा माणूस पहिल्याच दिवशी गैरहजर म्हणून नेमणूक रद्द, आणि जन्मभराच्या नोकरीची पेन्शन पाण्यात.

मी मोठ्या साहेबांकडे गेले. प्रोग्रामवाल्यालाही सोबत नेलं. तो म्हणाला, "सोपं आहे, साहेब. एक खोटा कर्मचारी तयार करू. रोज त्याला काढू, घालू."

"त्याला कुठल्या जागेवर दाखवणार?" साहेबांनी विचारलं. "मंजूर जागा सगळ्या भरलेल्या आहेत. जागा रिकामी असल्याशिवाय मला माणूस घेता येत नाही, मग तो खोटा का असेना."

"जागा रिकामी कधी होईल?"

"चालेलराव निवृत्त झाले की."

"साहेब, ते निवृत्त होत नाहीयेत म्हणूनच तर आम्ही आलोय," मी म्हटलं.

"मग थांबावं लागेल," साहेब म्हणाले. त्यांना यात काही विचित्र वाटलं नाही. त्यांनी मग सगळ्या विभागांच्या साहेबांना बोलावून विचारलं, की चालेलरावांऐवजी तुमच्यापैकी कुणाची नोंद वापरू? सगळे मूग गिळून बसले. एकाला तेवढ्यात घरून फोन आला, जो वाजला नव्हता. माझी घाला म्हणायला मी मोकळी होते, पण कंत्राटी माणसांच्या नोंदी त्यात ठेवतच नाहीत. आम्ही नोंदण्यासारखे नसतोच.

मार्ग काढला तो आस्थापनेच्या बाईंनी. त्या म्हणाल्या, मी आणि मोठे साहेब, दोघं आपापला प्रोग्राम आधी उघडून ठेवू. मग मी भाऊजींची खरी तारीख हाताने घालीन, निवृत्तीचं बटण दाबीन, आणि साहेब त्यांच्या जागेवरून मंजुरी देतील. पाच-दहा मिनिटांचं काम. फक्त तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणी प्रोग्राम उघडायचा नाही, नाहीतर तारीख परत आजची.

"तुम्ही सगळ्यांना तसं सांगून या," बाई भाऊजींना म्हणाल्या. भाऊजी गेले. मी माझ्या जागेवरून बघत होते. एकेका दारात जाऊन ते उभे राहत, आणि तोंड उघडायच्या आत आतला माणूस म्हणे, "बरं झालं आलात, हे जरा वरच्या मजल्यावर नेऊन द्या." सगळं ऑफिस फिरून ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन गठ्ठे, एक दुरुस्तीला द्यायचा चष्मा आणि कुणाची तरी छत्री होती. सांगितलं कुणालाच नव्हतं. मला इतका राग आला की रडूच आलं. त्यांना म्हटलं, "भाऊजी, ताई तिथे वर उभीय हो. एकदा तरी कुणाकडे काहीतरी मागा." ते म्हणाले, "मागायला गेलो की घशात काहीतरी अडकतं गं." त्यांनी हे इतकं साधेपणाने सांगितलं की मी त्यांच्या हातातले गठ्ठे काढून घेतले.

मग मीच दमदाटी करत फिरले. पहिल्या दिवशी सगळे कबूल झाले आणि ऐन वेळी एका साहेबांनी प्रोग्राम उघडला. का, तर चालेलराव निवृत्त झाले का ते बघायला. दुसऱ्या दिवशी मी शहाणी झाले. या लोकांना खुर्चीतून उठवायला एकच गोष्ट पुरते, ती म्हणजे बिस्किटं. नव्या कर्मचाऱ्यांचा स्वागत समारंभ आहे असं मी ऑफिस सुटता सुटता जाहीर करून टाकलं. क्षणात ऑफिस रिकामं झालं. भाऊजी सवयीने पहिल्या रांगेत जाऊन बसले. वर बाईंनी तारीख घातली, बटण दाबलं, साहेबांनी मंजुरी दिली आणि तसेच धावत खाली येऊन भाऊजींच्या हातात पुष्पगुच्छ ठेवला. "आपल्या परिवारात स्वागत," ते म्हणाले. भाऊजींना निवृत्त होऊन तेव्हा दोनेक मिनिटं झाली असतील.

त्या दिवशी ताईने फोनवर मला तीनदा विचारलं, नक्की ना, आणि मी तीनदा नक्की म्हटलं. भाचीने दुसऱ्याच दिवशीची गाडी ठरवली. मी रजा टाकून सकाळीच मदतीला गेले. सामान थोडंच होतं. प्रश्न ताईचा होता. प्रत्येक पायरीवर बसत बसत उतरायचं असं तिने ठरवलं होतं आणि त्यासाठी जुनी साडी नेसून ती तयार होती. चौथ्या मजल्यावरून अशी उतरायला तिला किती वेळ लागणार आणि खाली पोचेपर्यंत तिचं काय होणार, हे बोलायची कुणाची छाती नव्हती. तेवढ्यात जिन्यावर पुष्कळ पावलं वाजली.

दारात मोठे साहेब. त्यांच्यामागे आस्थापनेच्या बाई, त्यांच्यामागे विभागांचे साहेब, झाडून सगळे. साहेबांना धाप लागल्याने बोलता येत नव्हतं. बाईंनीच सांगितलं. सकाळी सगळ्यांनी प्रोग्राम उघडला तर सगळ्यांची सगळी बटणं झाकलेली. मोठ्या साहेबांचीही. प्रोग्रामने नेहमीप्रमाणे भाऊजींची नोंद बदलून बघितली, काढून बघितली, पण निवृत्तीबरोबर नोंदच निघून गेलेली, त्यामुळे काहीच होईना. मग त्याने ठरवलं की या ऑफिसात कुणालाच कसलाही अधिकार नाही. नवे नळ नाहीत, बिलं नाहीत, रजा नाहीत. आख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसलेलं.

"प्रोग्रामवाला परगावी आहे," साहेबांना आता बोलता आलं. त्यांनी हातातला फोन पुढे केला, तो चालूच होता. "तो म्हणतो, खोटा माणूस घालायला माझी मंजुरी लागते आणि ते बटण झाकलेलं, पण तुमची जुनी नोंद तिथून दोन मिनिटांत परत घालतो. पण या वेळी तुमची संमती पाहिजेच म्हणतो. तुमच्या तोंडून. म्हणजे तुम्ही आजपासून परत रुजू. काही दिवसच. तसेही तुम्ही रोज नवीन लागतच होता."

फोनमधून आवाज आला, "हॅलो? काय ठरलं?" एवढी साहेब मंडळी त्या लहानशा खोलीत भाऊजींच्या तोंडाकडे बघत उभी होती, आणि त्यांच्या तोंडून कुठला शब्द निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. ताईने साडीचा पदर मुठीत धरला होता आणि ती बाल्कनीकडे बघत होती.

भाऊजींनी घसा साफ केला. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "आधी हिला खाली न्यायचंय. जरा धरता का?"

शेजारणीकडून हातांची लाकडी खुर्ची आणली. ताईला तीत बसवलं. चार साहेबांनी चार पाय धरले, आस्थापनेच्या बाईंनी मागून पाठ धरली आणि मोठ्या साहेबांनी एका हातात फोन व दुसऱ्या हातात ताईची पिशवी घेतली. भाऊजी पुढे उलट्या पावलांनी उतरत, "जरा डावीकडे, जरा सावकाश," असं सांगत होते. मी त्यांना कुणाला काही सांगताना पहिल्यांदा ऐकत होते. प्रत्येक मजल्यावर साहेब लोक खुर्ची टेकवून घाम पुसत, आणि फोन विचारी, "हॅलो, घालू का?" आणि मोठे साहेब म्हणत, "थांब रे, वळण आहे."

खाली पोचल्यावर ताईने चपला घातल्या आणि ती उभी राहिली. तिने एकेक पाय जमिनीवर दाबून बघितला. मग समोरून पोस्टमन आला, त्याला तिने निरखून बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या मिशा पांढऱ्या झाल्या की." तो बिचारा बघतच राहिला. गाडीत बसायला ती तयार होईना. "अहो, कोपऱ्यापर्यंत चालते," ती भाऊजींना म्हणाली. भाऊजींनी हात पुढे केला. दोघं हळूहळू निघाली, त्यांच्यामागे चालण्याच्या वेगाने गाडी, गाडीमागे मी, आणि माझ्यामागे फोन धरलेले मोठे साहेब आणि सगळं ऑफिस.

कोपऱ्यावर ताई गाडीत बसली. भाऊजींनी तिचे पाय उचलून नीट आत ठेवले. मग ते मागे वळले. सगळे थांबले. साहेबांनी फोन त्यांच्या तोंडाशी नेला.

"साहेब," भाऊजी म्हणाले, "ती खुर्ची तेवढी वर नेऊन द्या. शेजारणीची आहे."

आणि ते गाडीत बसले.

गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत कुणी हललं नाही. मग चार साहेब परत इमारतीच्या दाराशी गेले, त्यांनी खुर्ची उचलली आणि कुरकुर न करता जिना चढायला लागले.